वरच्या दहा टक्क्यांतल्या बापाचे पत्र

दहिवडी,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. रेवतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पॅरिसला सुखरूप पोहोचलीस, खोली ताब्यात मिळाली आणि तांदूळ व डाळ जवळच्याच दुकानात मिळते, एवढे तुझ्या आईकडून समजले. तू फोन केलास तेव्हा मी घरातच होतो, पण आलो नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आपल्यात जे बोलणे झाले ते फोनवर निस्तरण्यासारखे नाही. शिवाय बोलताना माझा आवाज चढतो आणि लिहिताना चढत नाही, सगळी नोकरी टिपण्या लिहिण्यात गेल्याचा तेवढाच काय तो फायदा. म्हणून हे पत्र. श्रीमंतांवरच्या करांचा अभ्यास करायला मिळालेली तुझी ती शिष्यवृत्ती तीन वर्षांनी संपल्यावर पुढे काय, याविषयी यात एक अक्षरही लिहायचे नाही, असे तुझ्या आईने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.

त्या रात्री नानांसमोर आणि बेबीमावशीसमोर तू मला म्हणालीस, "अण्णा, विषमतेबद्दल तुम्ही कुणाला बोलता? तुम्ही स्वतःच देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत आहात." नाना हसले. मला हसू आले नाही. तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, ज्याच्या घराच्या मागच्या खोलीला अजून पत्रा आहे, तो श्रीमंत कसा, हे मला त्या वेळी उमजले नाही, आणि श्रीमंतांवर कर बसवून आजवर कुणाचे पोट भरले आहे, असे काहीतरी मी रागाने बोललो. त्यावर तू ताटावरून उठताना जे वाक्य टाकलेस ते मला पुरते लागले: "तुमच्या मस्टरवरच्या बायकांचं भरलं." मस्टर म्हणजे रोजगार हमीच्या कामावरच्या मजुरांचे हजेरीपुस्तक, आणि त्या मजुरीचा पैसा करातूनच येई.

तू गेल्यावर मी तू ठेवलेला भारतातल्या विषमतेवरचा तो मार्च २०२४ चा अभ्यास काढून वाचला. इंग्रजी जड गेले, पण तक्ते वाचण्याची मला सवय आहे. २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला आणि एकूण संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा त्यांच्याकडे आहे, हे आकडे वर्तमानपत्रांतून आले होतेच. त्याखालची ओळ मात्र मी प्रथमच पाहिली. देशातल्या बरोबर मधल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न एक लाख पाच हजारांच्या आसपास आहे, आणि तीन लाखांच्या जवळ पोहोचले की माणूस वरच्या दहा टक्क्यांत जाऊन बसतो. मी लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निवृत्तिवेतनाला बाराने गुणले. हिशेब तुझाच बरोबर आहे. आक्का असती तर तिला सांगितले असते की तुझा थोरला मुलगा सरकारी कागदावर श्रीमंत निघाला.

आक्काचे नाव आले म्हणून लिहितो, यातले बरेच तू ऐकलेले आहेस. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तात्या बैल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात गेले आणि आक्का खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जाऊ लागली. मी शाळा सुटली की तिच्याकडे जात असे, कारण कामावर सुकडी वाटत. भाजलेल्या पिठाचा तो गोडसर भुगा ती स्वतः तोंडात न घालता पदराच्या टोकाला बांधून ठेवी. घरी रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी होत, त्या थंड झाल्या की चामड्यासारख्या लागत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती, हे मी पुढे नोकरीत आल्यावर वाचले. त्या वेळी मला एवढेच कळत होते की आमच्या गावात गुरे मेली, माणसे मात्र भुकेने मेली नाहीत. शनिवारी पगार होई आणि आक्का नाणी हातात धरून तीन वेळा मोजी, तिला आकडे येत नव्हते तरी.

ही माझी आठवण झाली. तुझ्या अभ्यासाला उपयोगी गोष्ट पुढची आहे. त्या कामांमागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती, जिचा पहिला प्रयोग त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिला होता. दुष्काळ सरल्यावर तिचा रोजगार हमी कायदा झाला, १९७७ साली, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला पंधरा दिवसांच्या आत काम, नाही तर बेकारभत्ता, असे सरकारने कायद्याने स्वतःवर बांधून घेतले. असे वचन त्याआधी देशात कुणी दिलेले नव्हते, आणि २००५ साली सबंध देशासाठी जो कायदा आला त्याचे बीज तेच आहे. तुम्हा लोकांच्या पुस्तकांतून स्वीडन आणि ब्राझील येतात, तेव्हा विसापूरही यावे, अशी माझी इच्छा आहे.

पण वचन दिले तरी पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ चा व्यवसाय कर होता. मुंबईतला कापड गिरणीचा मॅनेजर, विमा कंपनीतला साहेब, डॉक्टर, वकील आणि माझ्यासारखा कारकून, या सगळ्यांच्या पगारातून थोडेथोडे कापून ते रोजगार हमीच्या निधीत जाई. बागायती जमिनीवरचाही एक कर त्यात होता, आणि जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची होती. म्हणजे मुंबईच्या पगारदाराचे पैसे माणदेशातल्या बाईच्या हातात, आणि तेही तिच्या कामाच्या बदल्यात. कर घेणाऱ्याने कशासाठी घेतो ते सांगितले, देणाऱ्याला ते पावतीवर दिसले, आणि म्हणून त्या वेळी मुंबईकर फार कुरकुरला नाही, असे मला वाटते. तुझे वाक्य खरे आहे ते या अर्थाने.

आता या कराची पुढची कथा ऐक, कारण माझ्या रागाचे खरे कारण तीत आहे. हा कर माणशी वर्षाला किती घेता येईल याची मर्यादा थेट राज्यघटनेतच, अनुच्छेद २७६ मध्ये, लिहिलेली आहे. १९५० साली ती अडीचशे रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार केली. त्यानंतर ती हललेली नाही. १९८८ मध्ये माझा महिन्याचा पगार भत्ते धरूनही अडीच हजार नव्हता, तेव्हा वर्षाला अडीच हजार कर देणारा माणूस आम्हाला मोठा साहेब वाटे. आज दहा हजारांच्या वर पगार असलेल्या प्रत्येकाला महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे भरावे लागतात, फक्त बायकांना पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे. शाळेतला शिपाई अडीच हजार देतो आणि वर्षाला दहा कोटी पगार घेणारा कंपनीचा प्रमुखही अडीच हजारच देतो. १९८८ साली रोजगार हमीची मजुरी वाढून दिवसाला बारा रुपये झाली होती. त्या दराने अडीच हजारांत दोनशेहून अधिक दिवसांची मजुरी बसत होती. यंदाचा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये आहे. आज त्याच अडीच हजारांत आठ दिवस बसतात. कर रद्द झाला नाही, कुणी मोर्चा काढला नाही, कुठल्या उद्योगपतीने देश सोडला नाही; आकडा जागच्या जागी राहिला आणि काळाने तो खाऊन टाकला.

तू मला वरच्या दहा टक्क्यांत बसवलेस तेव्हा मला हेच आठवले. ती रेघ अशी आहे की तिच्या एकाच बाजूला मी आहे आणि तो दहा कोटींवालाही आहे. मी देशातल्या निम्म्याहून अधिक माणसांपेक्षा सुखी आहे, हे तुझे म्हणणे मी मान्य केले, यापुढेही करीन, माझ्याकडून वाजवी कर जरूर घ्यावा. पण तुझ्या अभ्यासात जिथे जिथे 'वरचे दहा टक्के' असे लिहिशील तिथे तिथे त्यांच्या आत पुन्हा फोड करून दाखव. माझ्या आणि लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळणाऱ्या सुमनच्या उत्पन्नात जेवढे अंतर आहे त्याच्या किती पट अंतर माझ्यात आणि सर्वांत वरच्या माणसात आहे, हे दाखवले नाही तर वरचा माणूस नेहमी माझ्या पाठीमागे लपतो. "मध्यमवर्गाला चिरडू नका" अशी ओरड जेव्हा होते तेव्हा ती माझ्या नावाने होते आणि सूट त्याला मिळते. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांच्या नफ्यावरचा मूळ कर एकदम तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला, त्या महिन्यात माझ्या गॅस सिलिंडरचा भाव काही कुणी उतरवला नाही.

बोलता बोलता मी निवृत्तिवेतनावर आलोच आहे, तर आईला दिलेला शब्द थोडा मोडतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे राज्याच्या नोकरीत लागले त्यांना माझ्यासारखे निवृत्तिवेतन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले तेव्हा तू मला फोनवर सुनावले होतेस की ज्या देशात दहांतल्या जवळजवळ नऊ जणांना कसलेच निवृत्तिवेतन नाही तिथे उरलेल्यांनी स्वतःपुरते मागणे बरोबर नाही. तुझे तत्त्व मला पटते. पण मग तुझे काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबईतली ती बँकेतली नोकरी तू सोडलीस, जिचा पहिल्याच वर्षीचा पगार माझ्या शेवटच्या पगाराहून जास्त होता, आणि तीन वर्षांच्या करारावर परदेशी गेलीस. तीन वर्षांनी तू एकतीस वर्षांची असशील. भारत आणि फ्रान्स यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे असे मी वाचले आहे. तुझ्या पगारातून तिथे जी कपात होईल तिचे पुढे काय होते, तुझ्यासारख्यांना तो करार लागू आहे का, हे कचेरीत जाऊन लेखी विचारून घे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नकोस. आणि बँकेतल्या साहेबांशी संबंध तोडू नकोस, माणसे लागतात. एकटीने राहायचे तर...

हे वाक्य इथेच थांबवतो. रागावू नकोस. म्हाताऱ्याची खोड आहे.

मोजमापाविषयी मात्र मला अधिकाराने सांगता येईल, म्हणून ते सांगतो. मी रोजगार हमीच्या शाखेत नवा होतो, कोणत्या तालुक्यात ते लिहीत नाही, तेव्हा पाझर तलावाच्या कामावरची एक बाई एके दिवशी भर दुपारी कचेरीत आली. काळी, उंच, अनवाणी. तिने पदरातून मुरमाचे नारळाएवढे ढेकूळ काढले आणि माझ्या टेबलावर, मस्टरच्या उघड्या पानावर आदळले. "सायेब, ही माती मऊ हाय व्हय? तुमी दातानं फोडून दावा." प्रकार असा होता की खोदकामाची मजुरी मापावर ठरे आणि दरसूचीत मऊ मातीला एक दर होता, कठीण मुरुमाला त्याहून बराच जास्त. माप घ्यायला टेप घेऊन जो माणूस आला होता त्याने तिच्या टोळीचा सगळा खड्डा मऊ मातीत धरला होता. बायांनी आठवडाभर टिकाव चालवला होता आणि मजुरी निघाली होती दोन दिवसांची. टेप खोटी नव्हती, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली सगळे बरोबर होते. फक्त रकाना चुकीचा निवडला होता. माझे साहेब चांगले होते. त्यांनी ते ढेकूळ जीपमध्ये घातले आणि पुन्हा माप घ्यायला लावले. ढेकूळ बरेच दिवस आमच्या कपाटावर होते, त्याने पुढे कुणीतरी कागद दाबायला लागले.

जुलै महिन्यात वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा आला की विषमता कमी असण्यात भारत जगात चौथा आहे आणि आपला गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचे माप, २५.५ आहे. जागतिक बँकेचा आकडा असे खाली लिहिलेले होते. नानांनी ते पान मुद्दाम माझ्याकडे आणून दिले, तुझ्यावर शेरा मारण्यासाठी. मी दोन वेळा वाचले आणि मला तो मुरूम आठवला. तो आकडा कुटुंबे किती खर्च करतात यावरून काढलेला आहे, किती मिळवतात किंवा किती बाळगतात यावरून नाही. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी तो किती खाणार, किती कपडे घेणार? बाकीचे तो ठेवतो, आणि ठेवलेले खर्चाच्या रकान्यात येत नाही. शिवाय आपल्या आळीत पाहणीसाठी जी मुलगी वही घेऊन आली होती तिला आपण चहा दिला आणि तेलापासून तिखटापर्यंत सगळे सांगितले. मोठ्या बंगल्यांच्या फाटकावरचा पहारेकरी तिला आत सोडतो का? दुसऱ्या देशांचे आकडे कित्येकदा उत्पन्नावर असतात, म्हणजे तुलनाही जमत नाही. नानांना मी हे सांगितले, त्यांना पटले नाही, त्यांना पटायचेच नव्हते.

तुझ्या संस्थेतली मंडळी याच रकान्यावर बोट ठेवतात, हे मला तुझ्या कागदांवरून कळले आणि मला मनापासून बरे वाटले. फार मोठा धनिक आपले शेअर विकत नाही, त्यामुळे त्याला कागदोपत्री उत्पन्नच होत नाही. पैसे लागले तर शेअर तारण ठेवून कर्ज काढतो, लाभांश स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीत वळवतो, आणि उत्पन्नावरचा कर त्याच्या दारावरून पुढे निघून जातो. म्हणूनच २०२४ साली ब्राझील जी-२० चा अध्यक्ष असताना फ्रेंच अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी असे सुचवले की जगातल्या सुमारे तीन हजार अब्जाधीशांनी वर्षाला आपल्या संपत्तीच्या किमान दोन टक्के एवढा तरी कर भरलाच पाहिजे, आणि त्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर जमतील असा अंदाज मांडला. आज ते आपल्या संपत्तीच्या जेमतेम ०.३ टक्के एवढाच कर भरतात, हे त्याच अहवालात आहे. जुलै २०२४ मध्ये रिओला अर्थमंत्र्यांनी तत्त्वतः मान डोलावली. फ्रान्सच्या खालच्या सभागृहाने फेब्रुवारीत दहा कोटी युरोंवरच्या संपत्तीसाठी तसे विधेयक मंजूरही केले, आणि १२ जूनला सेनेटने ते फेटाळले. तू ज्या शहरात राहतेस तिथेच हे सगळे घडते आहे, याचा मला अभिमान आहे, हे मी त्या रात्री सांगायला हवे तसे सांगितले नाही.

आपल्याकडे संपत्तीवर कर नव्हता असे नाही. १९५७ पासून होता. पण १९९३ पासून त्यातून शेअर आणि रोखे यांसारखी संपत्ती वगळली, कारण ती उत्पादक मानली, आणि उरले सोने, मोटारी, दुसरे घर, मोकळी जमीन. म्हणजे ज्या शिक्षक दांपत्याने पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला त्यांना नोटीस येऊ शकत होती आणि हजार कोटींचे शेअर बाळगणाऱ्याला त्या शेअरपोटी काही द्यावे लागत नव्हते. मग तो कर गोळा करायला खर्च फार आणि वसुली थोडी, २०१३-१४ साली सगळी मिळून १,००८ कोटी, असे म्हणून २०१५ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. वारसांवरचा मालमत्ता शुल्क १९५३ ला आला आणि १९८५ ला याच कारणाने गेला. आधी कराला भोके पाडायची, मग पाणी ठरत नाही म्हणून भांडेच फेकायचे, हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की तुझ्या दोन टक्क्यांविषयी मला भीती वाटते. नॉर्वेने २०२२ मध्ये संपत्तीवरचा कर वाढवला तेव्हा तिथले काही धनिक स्वित्झर्लंडला राहायला गेले, हे तूच सांगितलेस. त्यांना जाताना अडवायचे किंवा गेल्यावरही काही वर्षे कर घ्यायचा, याची तरतूद पहिल्याच दिवशी कायद्यात नसेल तर नंतर ती कुणी घालू देत नाही.

आणि दुसरे, जमलेल्या पैशांचे काय करणार? तुझ्या कागदांत वसुलीवर खूप आहे, वाटपावर त्या मानाने थोडे आहे. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी दुप्पट झाली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. त्यानंतर मात्र नवी कामे निघेनाशी झाली. लेखी हुकूम कुठेही नव्हता. नमुना ४ भरून काम मागायला आलेल्या माणसाला "फॉर्म संपले आहेत" किंवा "ग्रामसेवक सोमवारी येतील" असे सांगितले जाई, आणि जिथे मागणीच नोंदवली जात नाही तिथे बेकारभत्ता द्यायचा प्रश्न येत नाही. कर मात्र दरमहा कापला जात होता. कायदा चांगला, निधी भरलेला आणि खिडकी बंद, अशी स्थिती मी आतून पाहिली आहे. सुमनला आता लाडकी बहिणीचे दीड हजार मिळतात, त्याने तिच्या घरात फरक पडला आहे आणि त्याला नावे ठेवणारा मी नाही. पण ते बंद झाले तर ती कुणाकडे कोणत्या कलमाखाली दाद मागणार? टेबलावर मुरूम आदळायला आलेल्या बाईच्या पाठीशी एक कायदा होता आणि तिला तो पाठ होता. तुझ्या दोन टक्क्यांतून जे काही द्यायचे असेल ते तिला मागता आले पाहिजे, आणि तिने मागितल्याची पोच तिच्या हातात पडली पाहिजे.

पुन्हा व्याख्यान झाले. तुझ्या प्राध्यापकांना हे सगळे माझ्याहून जास्त माहीत असणार, मी फक्त एका तालुक्याचे मस्टर पाहिले आहे. तरी एक सांगतो. तू चौथीत होतीस तेव्हा मी घरी मस्टर घेऊन बसलो होतो आणि तू शेजारी बसून उगीच बेरजा करत होतीस. एका पानाची बेरीज साडेतीनशे रुपयांनी चुकली आहे असे तू म्हणालीस आणि मी तुला "गप बस" म्हणालो. रात्री पाहिले तर मुकादमाने एकाच अंगठ्याची दोन नावे घातली होती. आईला मी तेव्हाच म्हटले होते की ही मुलगी लेखापरीक्षक होणार, सरकारी, कायम. त्यातले 'सरकारी' आणि 'कायम' हे शब्द सोडून बाकी खरे ठरले.

तुझ्यावर माझा विश्वास नाही म्हणून मी काळजी करतो असे समजू नकोस. आक्काला रोज उद्याची खात्री नव्हती, मला महिन्याच्या एक तारखेची खात्री मिळाली, आणि मी तेवढ्यावर तुला शिकवले. तू ती खात्री सोडून ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी कर मोजायला गेलीस. हे मोठे काम आहे, हे मी नानांना ऐकवले आहे, तुझ्या माघारी. पण मोठे काम करणाऱ्यांच्या म्हातारपणाची तरतूद कोणत्या कलमात असते, हे मला अजून सापडलेले नाही. तीन वर्षे पाहता पाहता जातात, रेवती.

तुझ्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. फ्रान्सच्या त्या विधेयकातली दहा कोटी युरोंची मर्यादा महागाईबरोबर आपोआप बदलणार होती का, की कुणीतरी दरवेळी नव्याने बदलावी लागणार होती, हे मूळ मजकुरात पाहून कळव. मर्यादा खालच्या बाजूची असेल तर ती गोठली की हळूहळू माझ्यासारखे लोक तिच्या आत ओढले जातात, आणि वरच्या बाजूची असेल तर अडीच हजारांसारखे होते. दोन्हीकडून फावते ते एकाच माणसाचे. तुझ्या प्रबंधात अनुच्छेद २७६ चा एक परिच्छेद तरी घाल. आकडेमोड मी वर केली आहे, तपासून घे, माझ्यावर विसंबू नकोस.

थंडी सुरू होईल. बेबीमावशीने विणलेला स्वेटर बॅगेच्या तळाशी आहे, रंग आवडला नाही तरी आत घाल. फोन कर, या वेळी मी येईन.

तुझा,
अण्णा

ता. क. तुझ्या पीपीएफ खात्यात या वर्षाचे किमान पाचशे रुपये मी भरले आहेत, खाते बंद पडू देऊ नकोस. परदेशी राहणाऱ्याला नवे खाते उघडता येत नाही, जुने मुदत संपेपर्यंत चालवता येते. पासबुक गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि वारस म्हणून अजून माझेच नाव आहे, ते बदलायचे असेल तर फॉर्म आणून ठेवतो.